कुंदा नेमका कुठे उरलाय?

कन्नडला माझ्या मामांच्या घरी देवघरावरच्या फळीवर एक कापडी पिशवी असते. तिच्यात सातबाऱ्याचे उतारे, पीकविम्याच्या पावत्या आणि त्यांच्यासोबतच रबर लावून ठेवलेले रक्ततपासणीचे सहा कागद. गेल्या पावसाळ्यात मामांनी ते ओट्यावर माझ्यासमोर ओळीने मांडले. प्रत्येक कागदावर एकाच आकड्याभोवती निळ्या पेनाने गोल केलेला होता. ०.३, ०.५, ०.८, १.१, १.७, २.४. दोन कागदांत सहा-सहा महिन्यांचं अंतर.

"शेक तर सगळे घेतले," मामा म्हणाले. "एक दिवस चुकवला नाही. मंग हे परत कुठून आलं?"

पाच वर्षांपूर्वी मामांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता. मूत्राशयाच्या खाली, अक्रोडाएवढी, पुरुषांनाच असणारी ही ग्रंथी. तेव्हा त्यांनी महिनाभर किरणोपचार घेतले. आपल्याकडे त्याला कोणी शेक म्हणतं, कोणी लाइट, कोणी करंट. आकडा उतरत उतरत ०.३ वर आला, घरात पेढे वाटले गेले आणि मग तो हळूहळू वर चढू लागला. मामांच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. ते शोधायला मी डॉक्टरांकडे आणि पुस्तकांकडे गेलो. भीती मनात होतीच, पण तिच्याहून मोठा निघाला तो अचंबा.

सुरुवात त्या आकड्यापासूनच करू. तो आकडा पीएसएचा. पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात असं एक विकर. वीर्य पातळ ठेवणं हे त्याचं काम. रक्तात त्याला काहीच काम नाही, थोडंसं झिरपतं इतकंच. आणि ते किती थोडं? कागदावर लिहिलेलं असतं 'नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर', म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ग्रॅमचा अब्जावा भाग. मराठवाड्यातल्या माणसाला ते टँकरच्या हिशेबाने लगेच समजेल. दहा हजार लिटरचे शंभर टँकर एका तळ्यात रिकामे करा, त्यात एक ग्रॅम मीठ टाका आणि ढवळा. ते झालं १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. मामांचा सगळ्यात खालचा आकडा होता ०.३, म्हणजे त्या शंभर टँकरांत मिठाचा तिसरा हिस्सा ग्रॅमसुद्धा नाही. कन्नडच्या एका साध्या प्रयोगशाळेत दंडातून काढलेलं चमचाभर रक्त हे सांगू शकतं! मामांच्या शरीरात कुठलीही गाठ हाताला लागत नव्हती, दुखत काही नव्हतं, लघवी साफ होती. तरीही पुढे काय येतंय त्याची वर्दी हा आकडा वर्षानुवर्षं आधी देत होता.

मग शेक घेऊनही हे उरलं कसं?

मामांना मी ते त्यांच्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. काळ्या रानात कुंद्याचं तण माजलं की आपण उन्हाळ्यात खोल नांगरट करतो, ढेकळं उलथून टाकतो आणि वैशाखाच्या उन्हात रान तापू देतो. उघड्या पडलेल्या काशा, म्हणजे त्याची जमिनीखालची मुळं, वाळून मरतात. पण एखादी काशी खोल ढेकळात, ओलीत, उन्हापासून लपून राहते. किरणांचंही बरंचसं तसंच आहे. क्ष-किरण पेशीत शिरले की आतल्या पाण्याचे तुकडे होतात आणि ते तुकडे डीएनएचे धागे तोडतात. या तोडफोडीला पक्कं करायला प्राणवायू लागतो. ज्या पेशींपर्यंत रक्त नीट पोचत नाही, जिथे प्राणवायू नाही, तिथे तीच मात्रा जवळजवळ तिपटीने कमी पडते. अंधारात, कोंडमाऱ्यात असलेली पेशी त्या कोंडमाऱ्यामुळेच वाचते. शिवाय काही गाठी जन्मतःच चिवट असतात. आणि काही वेळा तर शेक सुरू होण्याआधीच एखादी पेशी ग्रंथी सोडून बाहेर गेलेली असते. मग किरण आपल्या जागी कितीही अचूक पडोत, ती त्यांच्या वाटेत नसतेच.

याहून नवल मला दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. किरणांनी घायाळ झालेली पेशी तिथल्या तिथे मरत नाही. ती जगते, खाते-पिते, पीएसएसुद्धा सोडत राहते. तिचा डीएनए तुटलाय हे तिला जणू माहीतच नसतं. दुभंगून दोन व्हायची वेळ आली की मग ती कोसळते. प्रोस्टेटच्या पेशी आळसटल्यासारख्या सावकाश दुभंगतात, म्हणून शेक संपल्यावरही मरण्याचा हा कार्यक्रम दीड-दोन वर्षं चालतो आणि पीएसए पायरीपायरीने उतरत जातो. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढून टाकली तर आकडा जवळपास शून्यावर यायला हवा. शेकानंतर तसं होत नाही, कारण ग्रंथी जागेवरच असते आणि तिच्यातल्या काही चांगल्या पेशी काम करतच राहतात.

त्यामुळे आकडा जरा वर गेला की घाबरून जायचं कारण नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत, विशेषतः आतून शेक दिलेल्यांमध्ये (त्याबद्दल पुढे), तो मध्येच उसळी घेतो आणि आपोआप खाली येतो. मग खरंच परत आलंय हे ठरवायचं कसं? जगभरच्या किरणोपचारतज्ज्ञांनी एक सोपा नियम ठरवला आहे, २००६ पासून तो वापरात आहे. तुमचा सगळ्यात खालचा आकडा घ्या, त्यात २ मिळवा. त्या रेषेला पीएसए शिवला तर आजार परतला असं धरायचं. मामांची रेषा होती २.३. सहाव्या कागदाने ती ओलांडली.

पण रेषा ओलांडण्यापेक्षाही मोलाची आहे चढायची चाल. मामांना सावकारी व्याज चांगलं ठाऊक आहे. मुद्दल केवढं, यापेक्षा ते किती दिवसांत दुप्पट होतं हे जास्त महत्त्वाचं. मामांचे सहा कागद मांडले तर आकडा साधारण दहा महिन्यांत दुप्पट होत होता. तीन महिन्यांत दुप्पट होणारा आजार आणि दोन वर्षांत दुप्पट होणारा आजार, नाव एकच असलं तरी स्वभावाने वेगळे. दुसऱ्या प्रकारात ऐंशीच्या घरातल्या आजोबांना डॉक्टर कधी कधी म्हणतात, आत्ता काही करू नका, सहा महिन्यांनी रक्त दाखवा. घरच्यांना तो हलगर्जीपणा वाटतो, पण तो विचार करून दिलेला सल्ला असतो. प्रत्येक उपचार काहीतरी घेऊनच जातो, आणि आजार माणसाच्या उरलेल्या आयुष्यापेक्षा मंद चालत असेल तर ती किंमत का मोजायची?

मामा त्र्याहत्तर वर्षांचे. शेतात जाणारे, गौताळ्याच्या बाजूचा चढ अजूनही चढणारे. त्यांच्याबाबत वाट बघणं बरोबर नव्हतं. आता खरा प्रश्न होता तो कुंद्याचाच. उरलेली काशी नेमकी कुठे आहे? एका कोपऱ्यात? बांधाला? की रानभर? उपचाराची निवड जवळजवळ सगळी या एका उत्तरावर बेतलेली असते.

दहा-पंधरा वर्षांपूर्वी याचं उत्तर मिळायचं नाही. हाडांचा स्कॅन, सीटी, सगळं करूनही इतक्या कमी पीएसएला फोटोत काहीच दिसायचं नाही. डॉक्टर अंदाजाने वाट काढत. मग जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांनी एक वाट शोधली आणि २०११ च्या सुमारास ती माणसांवर वापरली जाऊ लागली. प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशीच्या अंगावर पीएसएमए नावाचं एक प्रथिन असतं. साध्या पेशीवर ते थोडं, कॅन्सरपेशीवर शंभर ते हजार पटीने जास्त. एखाद्या घराच्या दारावर पाटी असते, इथे तर सगळ्या भिंतीच पाट्यांनी भरलेल्या. त्या पाटीला अचूक चिकटणारा एक छोटा रेणू तयार करायचा, त्याच्या पाठीवर किरणोत्सर्गी गॅलियमचा एक अणू बांधायचा आणि तो शिरेतून सोडून द्यायचा. शरीरभर फिरून जिथे पाटी दिसेल तिथे तो चिकटतो आणि गॅलियम तिथून खूण करू लागतो. बाहेरचं पेट-स्कॅन यंत्र ती खूण टिपतं.

या गॅलियम-६८ चं अर्धायुष्य अवघं ६८ मिनिटांचं. तासाभरात निम्मं संपतं. मग ते आणायचं कुठून? त्यासाठी एक डबा असतो, आत जर्मेनियम-६८, जे २७१ दिवसांच्या अर्धायुष्याने सावकाश गॅलियम बनत राहतं. दर काही तासांनी तंत्रज्ञ त्यातून ताजं गॅलियम काढून घेतो. या कामाला जगभर 'दूध काढणं' असंच म्हणतात. मामांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. सकाळची धार, दुपारची धार. गोठ्यातलंच गणित.

स्कॅनचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तो क्षण मी विसरणार नाही. काळ्या पडद्यावर मामांचं शरीर राखाडी, आणि त्यात ठिकठिकाणी उजेड. माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं सगळीकडेच पसरलंय. तंत्रज्ञाने बोट ठेवून सांगितलं: हे गालाखालचे दोन, त्या लाळेच्या ग्रंथी. हे मूत्रपिंड. हा आतड्याचा वरचा भाग. आणि डोळ्यांच्या कडेला हे दोन इवलेसे ठिपके, त्या अश्रूंच्या ग्रंथी. या सगळ्यांवर हेच प्रथिन असतं. आतड्यात तर ते मेथी-पालकातल्या फोलेटची साखळी तोडून ते पचायला मदत करतं. नाव प्रोस्टेटचं, पण निसर्गाने ते भाजी पचवायलाही वापरलं आहे. मग त्याने पडद्याच्या खालच्या बाजूला बोट नेलं. ओटीपोटात, ग्रंथीच्याच डाव्या भागात, वाटाण्याएवढा एक तेजस्वी ठिपका. बाकी हाडं अंधारी, लसिकागाठी अंधाऱ्या.

एकाच कोपऱ्यात होता. कुंदा बांधापलीकडे गेला नव्हता.

एमआरआयने तीच जागा दाखवली. मग सुईने तिथला तुकडा काढून पाहिला, आणि हे टाळून चालत नाही. शेकाने घायाळ झालेल्या पण अजून मरायच्या असलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत कॅन्सरसारख्याच दिसू शकतात, म्हणून शेकानंतर निदान दोन वर्षं गेल्यावरचीच अशी तपासणी विश्वासाची मानतात. मामांची पाच झाली होती.

आजार ग्रंथीतच परतला असेल तर तो कायमचा काढून टाकायची संधी अजून असते, आणि इथे निवडीचे बरेच रस्ते आहेत. पहिला रस्ता ग्रंथीच काढून टाकायचा. ऐकायला सरळ, पण शेक घेतलेल्या जागी ही शस्त्रक्रिया फार अवघड होते. निरोगी शरीरात प्रोस्टेट आणि मागचं गुदाशय यांच्यामध्ये एक नाजूक पापुद्रा असतो, शल्यविशारद त्याच्या आधाराने दोघांना वेगळं करतो. किरणांनी तो पापुद्रा वाळून चिकटलेला असतो, भिजून सुकलेल्या वहीची पानं एकमेकांना चिकटतात तसा. फाटायची भीती प्रत्येक पावलाला. लघवीवरचा ताबा जाण्याचा धोका पहिल्या वेळच्या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी जास्त.

दुसरा रस्ता गोठवायचा. बारीक सुयांमधून दाबाखालचा आर्गॉन वायू सोडतात. वायू फाकताच टोकाशी उणे ४० अंशांच्याही खाली थंडी जाते आणि पेशीतलं पाणी गोठून तिची चाळण होते. त्याच वेळी लघवीच्या नळीतून कोमट पाणी फिरवत ठेवतात, म्हणजे ती वाचते. एका सेंटीमीटरवर हिमालय आणि त्याच्या शेजारी ऊब! तिसरा रस्ता आवाजाचा. लहानपणी भिंगाने कापूस जाळला नव्हता असं कोण असेल? तसेच कानाला न ऐकू येणारे ध्वनितरंग एका तांदळाच्या दाण्याएवढ्या जागी एकवटायचे. वाटेतल्या मांसाला झळ नाही, केंद्रात मात्र सगळं शिजून निघतं.

आणि चौथा रस्ता, ज्याला आधी मीही नाही म्हणालो होतो: पुन्हा शेक. ज्याने एकदा काम अर्धवट सोडलं त्यालाच परत बोलवायचं? पण आता जागा नेमकी माहीत होती. पहिल्या वेळी पूर्ण ग्रंथी भाजायची होती, या वेळी वाटाणा. बाहेरून अगदी बारीक धार लावलेले किरण मोजक्या चार-सहा बैठकांत देता येतात. किंवा आतून. आतून द्यायचा शेक मला सगळ्यात मोहवणारा वाटला. भूल देऊन, सोनोग्राफीने बघत, ओटीपोटाच्या खालून पोकळ सुया गाठीत बसवतात. मग यंत्रातून जिऱ्याच्या दाण्याएवढा इरिडियम-१९२ चा तुकडा एका तारेच्या टोकावर बाहेर येतो. पहिल्या सुईत शिरतो, ठरलेल्या जागी काही सेकंद थांबतो, दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकतो, पुन्हा थांबतो, मग दुसऱ्या सुईत. प्रत्येक थांब्याचे सेकंद आधी मोजून ठेवलेले. काम झालं की तो दाणा आपल्या जाड तिजोरीत परत जातो. शरीरात काहीच राहत नाही.

या सगळ्यांत बरा कोणता? २०२१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी जगभरातले १५० अभ्यास आणि अकरा हजारांहून अधिक रुग्ण एकत्र मांडून हेच विचारलं. उत्तर ऐकून मी पुन्हा एकदा थबकलो. पाच वर्षांनंतर आजार न परतलेल्यांचं प्रमाण सगळ्याच रस्त्यांवर शंभरात ५० ते ६० च्या आसपास. फारसा फरक नाही. फरक होता तो त्रासात. शस्त्रक्रिया आणि ध्वनितरंग यांच्यानंतर लघवीचा गंभीर त्रास शंभरात एकवीसहून अधिक जणांना, तर पुन्हा शेक घेतलेल्यांत साधारण ४ ते ८ जणांना. हे अभ्यास चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनांचे नाहीत, म्हणून त्यांना शेवटचा शब्द म्हणता येत नाही. तरी माझं मत विचाराल तर ज्या घरात असा प्रसंग येईल त्यांनी हा एक आकडा डॉक्टरांसमोर नक्की काढावा. आणि एका डॉक्टरांपुढे नाही. मूत्ररोगाचे शल्यविशारद, किरणोपचारतज्ज्ञ आणि औषधांनी कॅन्सर हाताळणारे, तिघे एकत्र बसून ठरवतात त्या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. ती बैठक मागून घ्यावी. मागायला संकोच करू नये.

कन्नड तालुक्यातच, गौताळ्याच्या डोंगरात, पितळखोऱ्याची लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या दगडावर ब्राह्मी अक्षरांत ज्या दात्यांची नावं कोरली आहेत त्यात एक वैद्य आहे: राजवैद्य मगिल, वच्छीचा मुलगा. स्कॅन झाल्यानंतरच्या आठवड्यात मी तिथे जाऊन उभा राहिलो. लघवी अडलेले म्हातारे त्याच्याकडेही आले असतील. त्याच्या हाती नाडी होती, वनस्पती होत्या, बोटांची समज होती. प्रोस्टेटच्या कॅन्सरला तर वैद्यकाने ओळखलं ते फार अलीकडे. १८५३ मध्ये लंडनच्या डॉ. ॲडम्स यांनी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली तो दाखवला आणि हा अत्यंत दुर्मिळ आजार आहे असं लिहिलं. माणसं तेवढी जगतच नव्हती.

आणि ठिपके हाडांत दिसले असते तर? रानभर कुंदा असता तर?

तेव्हा कथा १९४१ पासून सुरू होते. त्या वर्षी फेब्रुवारीत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं, आणि त्याच वर्षी शिकागोत चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवून दिलं की पुरुषाचे वृषण काढले की हाडांत पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सरही आकसतो. ही गाठ पुरुषी संप्रेरकावर, टेस्टोस्टेरॉनवर जगते. पाट बंद केला की पीक वाळतं. कॅन्सर शरीराच्या आज्ञेत असू शकतो, हे यातून स्पष्ट दिसलं. हगिन्स यांना त्यासाठी १९६६ मध्ये नोबेल मिळालं. ही लहानशी शस्त्रक्रिया आजही आपल्याकडे होते. एकदाच करायची, खर्च थोडा, आणि दिवसाच्या आत संप्रेरक तळाला जातं. वारंवार इंजेक्शनला शहरात येणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी ती खरोखर सोयीची आहे. पण पुष्कळ पुरुषांना ती मनाला लागते आणि ते कुणापाशी बोलत नाहीत. बोलायला हवं, निदान बायकोशी तरी, आणि शस्त्रक्रियेच्या आधी.

इंजेक्शनचा रस्ता तर आणखी अद्भुत. मेंदूतून दर तास-दीड तासाला एक संदेश सुटतो आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीमार्फत वृषणांना कामाला लावतो. अँड्र्यू शॅली यांनी लाखाहून अधिक डुकरांच्या मेंदूंतून या संदेशाचा रेणू वेगळा काढला. त्या शोधासाठी १९७७ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. तोच संदेश जर ठोक्याठोक्याने न देता सतत देत राहिलं तर? आधी थोडे दिवस संप्रेरक वाढतं आणि मग पिट्युटरी ऐकायचंच थांबवते. दार अखंड वाजत राहिलं की घरातला माणूस उठायचा बंद होतो, तसं. महिन्याचं किंवा तीन महिन्यांचं इंजेक्शन म्हणजे हे अखंड दार वाजवणं. सुरुवातीची ती वाढ घातक ठरू नये म्हणून काही दिवस सोबत गोळ्या देतात.

संप्रेरक बंद झालं की हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा येतात, स्नायू ढिले पडतात, मन उदास होतं. म्हणून शेकानंतर फक्त पीएसए वाढलेल्या १,३८६ पुरुषांवर एक मोठी तुलना झाली, २०१२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना इंजेक्शन सतत, निम्म्यांना आठ महिने देऊन थांबायचं आणि आकडा पुन्हा वाढला की परत सुरू. दोन्ही गटांत निम्मी माणसं जिवंत असण्याचा काळ जवळपास सारखा, ९.१ आणि ८.८ वर्षं. मधल्या विसाव्याच्या महिन्यांत माणसाला वाफांपासून सुटका मिळते, इच्छा थोडी परतते. ज्यांचा आजार सावकाश आहे त्यांना हा विसावा मिळू शकतो, हे कितीतरी घरांत माहीत नसतं.

ज्यांचा आकडा नऊ महिन्यांच्या आत दुप्पट होतो त्यांच्यासाठी मात्र उलट शहाणपण. अशा १,०६८ पुरुषांवरच्या २०२३ मधल्या चाचणीत इंजेक्शनसोबत एन्झाल्युटामाइड नावाची गोळी दिली, तेव्हा पाच वर्षांनी शंभरातल्या ८७ जणांत आजार दूर पसरलेला नव्हता. नुसत्या इंजेक्शनवाल्यांत हे प्रमाण ७१. गोळी महाग, म्हणून इथे आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ॲबिराटेरोन नावाचं दुसरं औषध उपाशीपोटी १,००० मिलिग्रॅम घ्यायचं असतं, कारण अन्नासोबत ते रक्तात कितीतरी पटीने जास्त उतरतं. मग उलट विचार का करू नये? शिकागोतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये ७२ रुग्णांवर दाखवलं की न्याहारीसोबत २५० मिलिग्रॅम दिलं तरी पीएसएवरचा परिणाम मागे पडत नाही. चौथा हिस्सा औषध, आणि सोबत न्याहारी! अर्थात हा बदल डॉक्टरांनीच ठरवायचा, घरी बसून करायचा नाही. पण गरीब माणसाच्या बाजूने विचार करणारं विज्ञान असं दिसतं.

हेही सगळं थकलं की केमोथेरपी आहे, आणि मग ती पाटी पुन्हा कामाला येते. गॅलियमच्या जागी ल्युटेशियम-१७७ बांधायचं. आधी ज्या पत्त्यावर दिवा पाठवला त्याच पत्त्यावर आता आग पाठवायची. ल्युटेशियममधून निघणारे कण फार तर दोन मिलिमीटर जातात, म्हणजे आग शेजारच्या घरापलीकडे पोचत नाही. आणि हे ल्युटेशियम बनतं कुठे? मुंबईत, ट्रॉम्बेला. भाभा अणुसंशोधन केंद्राची ध्रुव अणुभट्टी १९८५ पासून चालते. तिच्यातल्या न्यूट्रॉनच्या वर्षावात साधं ल्युटेशियम ठेवतात आणि त्यातले अणू एक न्यूट्रॉन गिळून किरणोत्सर्गी होतात. अर्धायुष्य साडेसहा दिवसांच्या थोडं वर, त्यामुळे तिथून देशभरच्या रुग्णालयांत पाठवायला सवड मिळते. ज्यांच्यावर बाकी औषधं संपली होती अशा ८३१ पुरुषांच्या २०२१ मधल्या चाचणीत नेहमीच्या उपचारासोबत हे दिल्यावर आयुष्याचा मध्यक ११.३ महिन्यांवरून १५.३ महिन्यांवर गेला. चार महिने. कागदावर थोडे. एखाद्या घरात त्यात नातीचं लग्न बसतं. रुग्णाचं तोंड मात्र कोरडं पडतं, कारण लाळेच्या ग्रंथींच्या दारावरही तीच पाटी.

आणि मुळात हे परतूच नये म्हणून? त्याचं एक उत्तर आपल्याच मुंबईत मिळालं आहे. टाटा मेमोरियलचे डॉ. वेदांग मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जास्त जोखमीच्या २२४ रुग्णांमध्ये तुलना केली: फक्त ग्रंथीला शेक, की ओटीपोटातल्या लसिकागाठींनाही? २०२१ मध्ये निकाल आले. पाच वर्षांनी आकडा न चढलेले पहिल्या गटात शंभरात ८१, दुसऱ्यात ९५. बांधाच्या कडेचं गवतही सोबतच काढलं की रान जास्त दिवस स्वच्छ राहतं, हे जगाला परळने मोजून दाखवलं.

मामांनी आतून शेक घ्यायचं ठरवलं. इरिडियमचा तो दाणा. त्यासाठी दोनदा मुंबई. बाकी तपासण्या संभाजीनगरला, वेरूळ-खुलताबादच्या रस्त्याने एसटीने साठेक किलोमीटर. आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून आहे, त्यामुळे आता कन्नड-सोयगावच्या माणसाला प्रत्येक शेकासाठी मुंबई गाठावी लागत नाही. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारावं, उपचार झाल्यावर नाही. मामींनी प्रत्येक वेळी ज्वारीची भाकरी आणि ठेचा बांधून दिला, आणि प्रत्येक वेळी तो मी खाल्ला, कारण मामांना त्या दिवशी भूक नसायची.

सुरुवातीचे काही आठवडे लघवीला जळजळ होती, रात्री चारदा उठावं लागे. आता दोनदा. परवा सातवा कागद आला. १.१. मामांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, पेनाने गोल केला आणि विचारलं, "पहिल्यासारखं हळूहळूच उतरणार का?" मी म्हटलं, "हो मामा, पेशी दुभंगेपर्यंत वाट बघावी लागते." त्यांनी मान डोलावली, सातही कागदांना रबर लावलं आणि पिशवी फळीवर ठेवली. आठवा कागद मका निघाल्यावर.